मेणाची जर

अकरा दिवस मी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कचरा टाकायलाही नाही, कारण इथं परदेशात, तोआ पायोहच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये कचऱ्याचं झाकण स्वयंपाकघरातच होतं, उघडायचं, टाकायचं आणि नवव्या मजल्यावरून खाली जाणारा धडधड आवाज ऐकायचा. दूध संपलं तर सईला मी भाताची पेज दिली. ती चार वर्षांची, मी तेवीसची, आणि आमचे हे जहाजावर. हे मरीन इंजिनीअर, तुआस बंदरातून जहाज निघालं की चार महिने पाणीच पाणी. जाताना फ्रीजवर कागद चिकटवून गेले होते, डॉक्टरचा नंबर, दुकानाचा रस्ता, लिफ्टमध्ये अडकलीस तर कुठलं बटण दाबायचं. आणि तोंडी एकच गोष्ट तीनदा सांगून गेले होते, "कुणाच्या घरात कशाला हात लावायचा नाही. इथं लोक लगेच कम्प्लेंट करतात. कळलं का?" कळलं होतं. म्हणून तर मी घरातच बसले होते. दहावीला माझं इंग्लिश राहिलं आणि गणितही राहिलं, त्याच वर्षी लग्न झालं, आणि इथं तर दुकानातली बाई हातात सुटे पैसे देताना काय पुटपुटते तेही मला कळायचं नाही. मी आपली हसायची. हसून हसून जबडा दुखायचा.

नर्सरीला सुट्टी होती, त्यामुळे सई दिवसभर खिडकीला. खाली भंगारवाल्याचा भोंगा वाजला की ती पण पॉं करायची, वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या बायका सोंगट्या ढवळायच्या त्याचा खळखळ आवाज यायचा, कुणाच्या तरी घरातून लसणाची फोडणी. माझ्याकडे ज्वारीचं पीठ, लसणीचा ठेचा आणि येवल्याहून आणलेल्या शेवया. तेवढ्यावर मी काय काय करत होते देव जाणे. आता कुणी मला म्हणतं की ताई तुम्ही किती धीट, एकट्या हार्बरफ्रंटला जाऊन बोटीनं पलीकडच्या बेटावर जाऊन येता, तेव्हा मला ती पेज आठवते.

बाराव्या दिवशी मेणाचा वास आला. पहिल्यांदा वाटलं आग लागली. सईला कडेवर घेतलं, दार उघडलं, आणि समोरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं, नुसतं जाळीचं गेट लावलेलं. आतमध्ये खिडकीच्या उजेडात एका उभ्या फळीवर सोनं चमकत होतं. सोनं म्हणजे दागिन्याचं नाही. जर. लाल कापडावर जरीचा पदर. मी येवल्याच्या विणकराची मुलगी, माझा जन्म मागाच्या खटखटीत गेला, मला जर दुरून ओळखू येते. मी गेटची जाळी धरून उभीच राहिले.

"यस? व्हॉट यू वाँट?" आतून एक म्हातारी बाई आली. बारीक कापलेले पांढरे केस, पुरुषी शर्ट, हातात छोटी कढई आणि त्यात वितळलेलं मेण.

मला एकच शब्द सुचला. "जर," मी म्हणाले आणि बोट दाखवलं.

त्या लिम आंटी. आयुष्यभर जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम केलेलं, तरुणपणी जर्मनीत राहून ते शिकून आलेल्या, लग्न केलं नाही, आता घरी बसून एकच चित्र करत होत्या. तसल्या जुन्या चित्रांच्या धर्तीवर, लाकडाच्या फळीवर. एक आई, मांडीवर बाळ, आणि आईच्या मागे लाल-सोनेरी भरजरी कापड टांगलेलं. आईचा चेहरा झाला होता, बाळ झालं होतं, त्या बाळाचं तोंड बघून मला हसू आलं, अगदी आमच्या गल्लीतल्या सोनारासारखं म्हातारं तोंड. आंटींना मी खुणेनं सांगितलं, बेबी ओल्ड मॅन. त्या इतक्या हसल्या की मेण सांडलं. मग म्हणाल्या, "कम तुमॉरो, गर्ल. ब्रिंग द बेबी. युअर बेबी, नॉट ओल्ड मॅन."

मी गेले. रोज जायला लागले. माझं पहिलं बाहेर जाणं ते एवढंच, चार पावलं, या दारातून त्या दारात.

आंटींच्या डोळ्यांचं दुखणं होतं. कडेकडेचं दिसायचं, मधोमध कापूस ठेवल्यासारखं. दर थोड्या दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जायच्या. त्या म्हणायच्या अजून दिसतं, चाललंय, आणि मी धरून चालले की दिसतं. मी त्यांना थालीपीठ करून न्यायची, त्या मला सोयाबीनचं दूध आणि टोस्टला लावायचा नारळाचा गोड हिरवा जॅम द्यायच्या, सई त्यांच्या पायाशी बसून पातेल्यांचं जहाज करायची. त्या हळूहळू बोलायच्या, हातांनी दाखवत, एकच वाक्य तीनदा. शाळेत मला कुणी इतकं शिकवलं नाही.

एक दिवस त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं काढली आणि दोन चित्रं शेजारी ठेवली. पाचशे वर्षांमागची. एक फ्लेमिश, म्हणजे आताच्या बेल्जियमच्या बाजूचं. दुसरं जर्मन. दोन्हींत तसंच कापड. त्यांनी विचारलं, कुठलं खरं? मी भिंग घेऊन बघितलं. फ्लेमिश चित्रात सोनं नव्हतंच! नुसता पिवळा रंग, त्यावर बारीक बारीक पांढरट टिपके, आणि लांबून बघितलं की जर झगमगते. आणि कापडाला जिथं चुणी पडली तिथं वेलबुट्टी तुटत होती, अर्धं फूल चुणीच्या आत गेलेलं, जसं साडी नेसल्यावर जातं तसं. जर्मन चित्रात मात्र खरं सोनं होतं आणि नक्षी सरळ. चुणीवरूनही सरळ. कापडाला घडी पडली आहे याचा त्या नक्षीला पत्ताच नाही.

"दिस वन," मी फ्लेमिशवर बोट ठेवलं. "दिस मॅन सी सारी. दिस अदर मॅन नो सी."

आंटी म्हणाल्या, "एव्हरीबडी से लाइक दॅट." आणि हसल्या. पण स्वतः मात्र करत होत्या ती जर्मन रीत. त्यांच्याकडे लाकडाचा एक ठसा होता, आगपेटीएवढा, त्यात डाळिंबाची नक्षी आणि बारीक बारीक रेघा कोरलेल्या. त्यावर कथलाचा पातळ वर्ख दाबायचा, मागून मेण आणि खडूची भुकटी भरायची, गार झालं की उचलायचं. वर सोनं, वर लाल रंग. अशा वड्या करून शेजारी शेजारी चिकटवायच्या की कापड तयार. मी एका वडीवरून नख फिरवलं आणि अंगावर काटा आला. त्या रेघा म्हणजे धागे होते. मेणाचे धागे! जरीचा एकेक धागा जसा उठतो तसा उठलेला. त्या जर्मन माणसाला चुणी कळत नसेल, पण विणलेल्या कापडावरून त्यानं नक्की हात फिरवला होता.

मी मेण गाळायची, खडू चाळायची, वड्यांच्या कडा कापायची. चिकटवायचं काम आंटींचं. खालच्या दोन ओळी झाल्या होत्या, तिसरी अर्ध्यावर आली होती. आणि त्या तिसऱ्या ओळीत चूक होती. मला ती पहिल्याच आठवड्यात दिसली. दुसऱ्या वडीपासून ओळ अर्धं बोट वर चढली होती, तिरकी, एका डाळिंबाचा देठ दुसऱ्याच्या पानाच्या पोटात घुसलेला. मी बघायची आणि मान वळवायची. मी कोण सांगणारी? दहावी नापास. आणि इंग्लिशमध्ये सांगायचं कसं की तुमची ओळ वाकडी गेलीय, तेही जर्मनीत शिकलेल्या बाईला? म्हणून गप्प राहिले. ओळ पुढे पुढे तशीच वाकडी जात राहिली आणि मी रोज कडा कापत राहिले.

आमच्या घरात चुकलेली ओळ ठेवत नाहीत. हे कुणाला सांगून कळत नाही. माझे वडील, आप्पा, मागावर बसले की विणलेल्या पट्टीखालून तळहात फिरवायचे, आणि हात थांबला की थांबला. मग ते कितीही पुढे गेलेले असोत, दोन दिवसांचं काम असो, सुई घ्यायची आणि एकेक धागा उसवत मागे यायचं. माझ्या दादानं एकदा मोराच्या डोळ्यातला एक धागा चुकवला आणि लपवला, तर आप्पांनी सगळा मोर उसवायला लावला, दादा रडत रडत उसवत होता. कुणी त्याला मारलं नाही की रागावलं नाही. चुकलं की उसवायचं, बस. त्यात लाज नाही.

तर त्या दिवशी आंटी इंजेक्शनला गेल्या. चावी माझ्याकडे, झाडांना पाणी घाल म्हणाल्या. मी पाणी घातलं. सईला पातेली दिली. आणि फळीसमोर जाऊन उभी राहिले. उजेड तिरका येत होता आणि ती वाकडी ओळ अशी दिसत होती, अशी, जशी कुणी तोंडात मारावी. मला वाटलं, एकच काढते. दुसरी वडी काढून सरळ लावते, आंटींना कळायचं पण नाही. पातळ सुरी घेतली.

"आई, डोन्ट टच लाह," सई इथल्या पोरांसारखं म्हणाली. चार वर्षांची पोर!

"गप गं. मी काही टच नाही करत."

सुरी आत घातली. वडी निघाली. पण तिची कड शेजारच्या वडीवर चढलेली, ती तडकली. म्हणून ती काढावी लागली. मग तिच्या पुढची. मेण गार होऊन काचेसारखं झालं होतं, धागा कसा उसवला की परत हातात येतो, पुन्हा विणता येतो, हे येतच नव्हतं, नुसता चुरा. मी थांबायला हवं होतं. पण हात थांबेना, हाताला एवढंच ठाऊक होतं की चुकलेलं सगळं उसवायचं. सात वड्या. सात वड्यांचा चुरा माझ्या पायाशी, बोटांना सोनं लागलेलं, आणि फळीवर उघडं लाकूड.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. ह्यांचे शब्द कानात, कुणाच्या घरात कशाला हात लावायचा नाही. आता ही बाई कम्प्लेंट करणार, पोलीस येणार, इथं राहायचा पास रद्द होणार, माझ्यामुळे ह्यांची नोकरी जाणार, काय काय मनात येत होतं. घरी पळून जाऊन कडी लावावी वाटली. खालच्या दुकानात पूजेला जाळायचे सोनेरी कागद मिळतात ते आणून चिकटवावेत असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आंटींना दिसणार थोडंच होतं! हा विचार आला, आणि मग मला माझीच इतकी किळस आली की मी उठले, चुरा पदरात भरतात तसा ओढणीत भरला, कढई गॅसवर ठेवली आणि मेण टाकलं. कथलाचा वर्ख ठशावर ठेवला. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरी वडी आली, पण डाळिंब चपटं. सई म्हणाली, "आंटी विल स्कोल्ड यू." मी म्हणाले, "हो. स्कोल्ड करू दे."

लिफ्टची घंटी वाजली. आंटी आल्या, एका डोळ्यावर पट्टी. मी दारातच सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं, तरी आलं. "आंटी, आय ब्रेक. सेव्हन. आय ब्रेक."

त्या फळीपाशी गेल्या, पण त्यांनी डोळ्यांनी बघितलं नाही. हात लावला. दोन्ही तळहात खालच्या ओळीवरून फिरवले, दुसऱ्या ओळीवरून, मग तिसरीवर आले, आणि बोटं उघड्या लाकडावर पडली. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. तेव्हा मला समजलं, त्यांनी जर्मन रीत का धरली होती. फ्लेमिश चित्र डोळ्याचं. डोळा गेला की ते गेलं. हे मात्र हातानं बघता येतं. ही बाई अंधार व्हायच्या आधी स्वतःसाठी एक चित्र करून ठेवत होती, आणि त्यातलं मी उसवलं होतं.

"गो होम," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस ते दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सईला भरवलं, वेणी घातली आणि जाऊन गेटपाशी उभी राहिले. बेल वाजवली, उघडलं नाही. उभी राहिले. सई कंटाळून जमिनीवर बसली. समोरून जाणारी एक बाई थांबली, काहीतरी विचारलं, मी म्हणाले, "वेटिंग." दुपारी जेवायला घरी, परत येऊन उभी. चौथ्या दिवशी पण. मी ठरवलं होतं, की त्या मला हाकलतील तर माझ्या तोंडावर हाकलतील, बंद दारानं नाही. पाचव्या दिवशी दार उघडलं.

"यू व्हेरी स्टबर्न, हाँ?"

"आय मेक. ऑल सेव्हन."

"व्हाय यू टेक आऊट?" त्यांनी विचारलं. "टेल मी. व्हाय?"

आता सांगणं आलंच. मी हातानं दाखवलं, एक तळहात सरळ, दुसरा तिरका. त्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे. म्हणून तोंडानं म्हणाले, "नॉट स्ट्रेट, आंटी. क्रुकेड."

त्या म्हणाल्या, "फ्रॉम व्हेअर?"

"सेकंड पीस."

"यू सी व्हेन?"

"फर्स्ट वीक."

"फर्स्ट वीक," त्या म्हणाल्या. "थ्री वीक यू सी. यू डोन्ट से. यू जस्ट लेट मी गो अँड स्टिक, गो अँड स्टिक." आणि गेटला हात धरून हळूच म्हणाल्या, "आय थिंक स्ट्रेट, यू नो. आय थिंक इट वॉज स्ट्रेट."

मोडलं त्याहून हे मोठं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्यांचा डोळा इतका गेलाय, आणि सांगू शकणारी एकटी मी होते, रोज शेजारी बसून कडा कापणारी. मी रडले. त्यांनी गेट उघडलं.

सात वड्यांना मला अठरा दिवस लागले. वर्ख किती दाबायचा, मेण कुठल्या धगीला भरायचं, सगळं आंटी बोटांनी तपासायच्या, आणि नको म्हणाल्या की मी परत वितळवायची. त्यांचं "नो" ऐकायची मला सवय झाली, भीती वाटेनाशी झाली. खडू संपला तर मी एकटी सईचा हात धरून खाली उतरले आणि टाउन सेंटरला जाऊन घेऊन आले. दुकानदार काहीतरी बोलला, मी हसले नाही. "से अगेन," म्हणाले.

सातही झाल्या तेव्हा मी फळीवर सुतळी ताणून सरळ रेघ आखली, आमच्याकडे आखतात तशी. म्हटलं, "आंटी, नाऊ स्ट्रेट."

"नो. पुट क्रुकेड. लाइक बिफोर."

मला वाटलं मला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वडीपासून, अर्धं बोट वर, होती तशी.

मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाशी वाद घातला नव्हता, तो त्या दिवशी घातला, आणि तोही इंग्लिशमध्ये. म्हणाले, माझे आप्पा हे बघतील तर मला घरात घेणार नाहीत. म्हणाले, चूक माहीत असून लावायची म्हणजे काय, आमच्यात असं चालत नाही. नो आंटी, कॅनॉट.

"युअर फादर हॅज आईज," त्या म्हणाल्या. "लिसन, गर्ल. डाउनस्टेअर्स ऑफ दिस, आय कॅन सी. आफ्टर दिस, कॅनॉट." त्यांनी माझं बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटावर ठेवलं, मग वरच्या उघड्या लाकडावर. "आय वाँट टु नो व्हेअर."

डोळा कुठे गेला ते कळायला हवं. बस.

मी लावली. वाकडी, अर्धं बोट वर, देठ पानाच्या पोटात, जशी होती तशी. त्यावरच्या सगळ्या ओळी पुढच्या तीन महिन्यांत मी सुतळीवर सरळ लावल्या. आंटी शेजारी बसून सांगायच्या आणि सईची नर्सरी सुटायच्या वेळी मला आठवण करायच्या. चित्र झालं त्या दिवशी त्यांनी खालून हात फिरवायला सुरुवात केली, पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरीत बोट पायरीवर अडखळावं तसं थांबलं. "हिअर," त्या म्हणाल्या, आणि मग वर गेल्या.

आता त्या वृद्धाश्रमात असतात, दर रविवारी मी जाते, थालीपीठ नेते. तिथं भिंतीला खिळा मारू देत नाहीत म्हणून चित्र माझ्याकडे ठेवलंय, आणि महिन्यातून एकदा ते मऊ रजईत गुंडाळून टॅक्सीनं त्यांच्याकडे नेऊन परत आणायचं माझ्याकडे लागलंय. हे जहाजावरून आले की म्हणतात, एवढं जड कशाला उचलतेस. मी उचलते. सई आता माझ्या खांद्याला लागली.

मागच्या आठवड्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल होता. नवीन चष्मा लागलाय, तो दाखवायला. मी फोन धरून घरात फिरत होते, हे स्वयंपाकघर, ही गॅलरी, आणि मागे चित्र आलं.

"थांब थांब," आप्पा म्हणाले. "ती तिसरी ओळ चुकलीय गं. दुसऱ्या बुट्टीपासून. दिसत नाही का तुला?"

"दिसतेय आप्पा."

"मग उसव की!"

"नाही उसवायची."

"कुणी लावलीय?"

"मी लावलीय," मी म्हणाले. "मुद्दाम."

मला वाटलं आता बोलणार. पण आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "जरा जवळ धर."

मी फोन चित्राजवळ धरला.

"अजून जवळ."